शेजारच्या आजी २,३०० डॉलर भरतात आणि मी २०,८००: प्रॉप १३ काय आहे आणि तुम्ही काय करावं

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. २०२२ मध्ये तुम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला १६ लाख डॉलरला घर घेतलंत. यंदाचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं २०,८०० डॉलर. शेजारी ऐंशीच्या घरातल्या आजी एकट्या राहतात. घर तेवढंच, आराखडा तोच, आणि बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्या २,३०० भरतात. ही काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाची, चूक आहे का, ज्येष्ठांसाठी सवलत आहे का, अपील करावं का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता: सासू-सासऱ्यांचं सनीवेलचं १९८७ सालचं घर ते आत्ताच मुलीच्या नावावर करून टाकू म्हणतात, तर करावं का?

मी बावीस वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात करसल्लागार म्हणून काम करते. पैशांच्या दृष्टीने तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न तो शेवटचा आहे. पण पहिल्याचं उत्तर पक्कं झाल्याशिवाय तो सुटत नाही, म्हणून क्रमाने जाऊ.

काउंटीची चूक नाही, आणि वयाची सवलतही नाही. कॅलिफोर्नियात कर घराच्या आजच्या किमतीवर बसत नाही. घराची मालकी शेवटची कधी बदलली आणि तेव्हा किंमत काय होती, त्यावर बसतो. आजींच्या घराची मालकी पन्नास वर्षांत बदललेली नाही, तुमच्या घराची २०२२ मध्ये बदलली. एवढाच फरक. उद्या आजींनी घर विकलं तर नवा मालक तुमच्याइतका किंवा तुमच्याहून जास्त कर भरेल, मग तो वयाने केवढाही असो.

हे आलं ६ जून १९७८ च्या मतदानातून. प्रपोझिशन १३, बोलीभाषेत प्रॉप १३. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या दोघांनी लाखो सह्या गोळा करून ते मतपत्रिकेवर आणलं, आणि सुमारे ६५ टक्के मतदारांनी ते राज्यघटनेतच घातलं. त्यामुळे विधिमंडळाला एकट्याने ते बदलता येत नाही, पुन्हा लोकांकडेच जावं लागतं. लोकांनी एवढ्या जोराने मत का दिलं हे मला आकडेवारीतून कधी कळलं नव्हतं. ते कळलं एका म्हाताऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

त्या माझ्या अगदी सुरुवातीच्या अशिलांपैकी. नवरा गेल्यावर कागदपत्रं लावायला त्यांनी मला बोलावलं होतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी टॅक्सची सगळी बिलं वर्षवार जपून ठेवली होती. १९७७ चं आणि १९७८ चं बिल मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं. त्या काळी बिलावर बाजारभावाच्या एक चतुर्थांश किंमत छापत आणि दर शंभर डॉलरमागे कर लावत. पहिल्या बिलात तो दर अकरा डॉलरच्या वर होता. दुसऱ्यात, प्रॉप १३ नंतर, मुख्य दर चार डॉलर. शिवाय छापलेली किंमतसुद्धा खाली आलेली, कारण कायद्याने मूल्यांकन १९७५ च्या पातळीवर परत नेलं होतं. आधीच्या बिलाच्या मागे बाईंच्या यजमानांनी पेन्सिलीने हिशेब केला होता: पगार, घराचा हप्ता, टॅक्स, आणि खाली उरलेली रक्कम गोल करून. ते घर विकायच्या बेतात होते, असं त्या म्हणाल्या. घराची किंमत वाढली म्हणून त्यांच्या हातात एक पैसाही जास्त आला नव्हता, बिल मात्र फुगत चाललं होतं.

त्यामागची कारणं थोडक्यात सांगते. १९६० च्या दशकात बरेच असेसर, म्हणजे काउंटीचे मूल्यांकन अधिकारी, घरांचं मूल्यांकन मुद्दाम कमी ठेवत आणि धंद्यांच्या जागांवर जास्त लावत. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत असेसरच्या लाचखोरीचं प्रकरण उघडकीला आलं, आणि पुढच्या वर्षी राज्याने कायदा केला की सगळ्या मालमत्तांचं मूल्यांकन बाजारभावाच्या एकाच प्रमाणात व्हावं. भ्रष्टाचार थांबावा म्हणून केलेल्या सुधारणेने घरमालकांना मिळणारी ती छुपी सवलत काढून घेतली. वर सत्तरच्या दशकात घरांच्या किमती भडकल्या. राज्य सरकारकडे अब्जावधी डॉलरची शिल्लक साठत होती आणि विधिमंडळाचं तोडग्यावर एकमत होत नव्हतं. मतदानाच्या थोडं आधी लॉस एंजेलिसच्या असेसरनी नवी मूल्यांकनं जाहीर केली आणि कित्येकांनी आपल्या घराचा आकडा दुप्पट झालेला पाहिला. त्यानंतर कोणाला फारसं पटवायची गरज उरली नाही.

कायद्यात जे आहे त्यातलं तुमच्या कामाचं एवढं. मूळ कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यापुरता. मूल्यांकन म्हणजे खरेदीच्या वेळचा बाजारभाव. तो दरवर्षी महागाईच्या दराने वाढतो, पण दोन टक्क्यांहून जास्त नाही. मालकी बदलली तर संपूर्ण नवं मूल्यांकन होतं. नवं बांधकाम केलं तर फक्त नव्या भागाचं. एक टक्क्याच्या वर मतदारांनी मंजूर केलेली कर्जरोख्यांची फेड येते.

तुमचं बिल हातात घ्या आणि माझ्याबरोबर वाचा. १६ लाख डॉलर तीन वर्षं दोन टक्क्यांनी वाढले की होतात १६,९७,९३३. त्यावर एक टक्का. खाली शाळा, कम्युनिटी कॉलेज, बार्ट (इथली लोकल रेल्वे), प्रादेशिक उद्यानं यांच्या रोख्यांच्या ओळी. त्या धरून दर साधारण १.२ टक्के होतो, म्हणजे सुमारे २०,४००. त्याच्याही खाली ठरावीक रकमेच्या ओळी असतात: पार्सल टॅक्स (दर भूखंडामागे ठरलेला कर), गटार, अगदी डासनियंत्रणसुद्धा. त्या किमतीवर अवलंबून नसतात, म्हणून आजीही तुमच्याएवढ्याच भरतात. आता आजींचं बिल. १९७५ ला साठ हजारांच्या घरात असलेली किंमत पन्नास वर्षं दोन-दोन टक्क्यांनी वाढली तरी पावणेतीन पटीच्या आतच राहते. एक लाख साठ हजार धरा. १.२ टक्के म्हणजे १,९२०, वर त्या ठरावीक ओळी. झाले २,३००. तुमच्या दोघांच्या बिलात काउंटीने एकच सूत्र वापरलं आहे.

हे घटनेच्या समानतेच्या तत्त्वात बसतं का, असं तुमच्या मनात आलं असेल. ते न्यायालयात विचारून झालं आहे. स्टेफनी नॉर्डलिंगर यांनी १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्समध्ये १,७०,००० डॉलरला घर घेतलं आणि त्यांना कळलं की जुने शेजारी तशाच घरावर त्यांच्या पाचव्या हिश्श्याइतका कर भरतात. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९२ मध्ये ८ विरुद्ध १ असा निकाल प्रॉप १३ च्या बाजूने लागला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं: घेताना खरेदीदाराला कर किती पडणार हे ठाऊक असतं, पण आधीपासून राहणाऱ्याला पुढे कर किती होईल याचा अंदाज नसतो आणि त्याला घर सोडणं परवडत नाही, म्हणून दोघांत फरक करायला राज्याकडे पुरेसं कारण आहे.

मुंबईच्या माणसाला हे अगदी परकं वाटू नये. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, आणि महापालिका घरपट्टी भाड्यावरून काढलेल्या करपात्र मूल्यावर लावायची. त्यामुळे गिरगावातल्या जुन्या इमारतीची घरपट्टी नाममात्र आणि लांबच्या उपनगरातल्या नव्या सदनिकेची भारी, हे वर्षानुवर्षं चाललं. २०१० पासून मुंबईने भांडवली मूल्याची पद्धत आणली ती याच कारणाने. फरक एक आहे, आणि तो तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा: मुंबईतलं गोठणं जुन्या इमारतीला चिकटलेलं होतं, नव्या इमारतीत राहणाऱ्याला ते मिळत नव्हतं. कॅलिफोर्नियातलं प्रत्येक नव्या मालकाला त्याच्या खरेदीच्या दिवसापासून मिळतं. तुमचंही २०२२ ला सुरू झालं.

माझं स्वतःचं मत लपवत नाही. पेन्सिलीने हिशेब करणारं ते जोडपं घरात राहिलं याचं मला मनापासून समाधान आहे. पण तेच संरक्षण दुकानं, गोदामं, कार्यालयांच्या इमारतींना द्यायला नको होतं. माणूस कधीतरी घर विकतो किंवा जातो. कंपनीच्या नावावरची जमीन पिढ्यानपिढ्या तिच्याच नावावर राहते आणि शेअर हातोहात फिरले तरी, एकाच्या ताब्यात निम्म्याहून जास्त गेले नाहीत तर, सहसा नवं मूल्यांकन होत नाही. तीस लाख डॉलरच्या वरच्या व्यापारी मालमत्तांना बाजारभावाने कर लावावा असं प्रपोझिशन १५ नोव्हेंबर २०२० मध्ये आलं होतं. ५२ टक्के विरोधात गेले. भाडेकरूंच्या पदरातही काही पडलं नाही. कर उतरला की भाडं उतरेल असं त्यांना सांगितलं गेलं होतं. ते झालं नाही, आणि वर्षभरात सांता मोनिका, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांनी भाडेनियंत्रण आणलं. शाळांचं तर तुम्ही रोज बघता. मालमत्ता कराचं उत्पन्न एका वर्षात निम्म्याहून खाली आलं, तेव्हापासून शाळांच्या पैशांच्या नाड्या राजधानी सॅक्रामेंटोच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, हातात गेल्या. तुमच्या मुलाच्या शाळेतून दरवर्षी देणगीची चिठ्ठी येते, तिचा एक धागा इथवर पोचतो.

आता अपील. विकत घेतलेल्या किमतीवर अपील सहसा टिकत नाही, कारण खुल्या बाजारात दिलेली किंमत हाच बाजारभाव असं धरलं जातं. अपीलला अर्थ तेव्हाच, जेव्हा १ जानेवारीला तुमच्या घराचा बाजारभाव बिलावरच्या मूल्यांकनापेक्षा कमी असतो. नोव्हेंबर १९७८ च्या प्रपोझिशन ८ ने ही सोय केली आहे. तुमच्यासारखी घरं त्या जानेवारीच्या आसपास १७ लाखांच्या खाली विकली गेली असतील तर असेसरच्या कार्यालयाकडे आधी साधा अर्ज करा, त्याला फी लागत नाही. औपचारिक अपीलची मुदत काही काउंटींत १५ सप्टेंबर, काहींत ३० नोव्हेंबर असते. एक लक्षात असू द्या: ही कपात तात्पुरती असते. भाव परत चढले की मूल्यांकन एका वर्षात दोन टक्क्यांपेक्षा पुष्कळ जास्त वाढू शकतं, खरेदीच्या किमतीवरून दोन-दोन टक्क्यांनी चढत आलेल्या मूळ रेषेला पोचेपर्यंत. २००८ नंतर कपात मिळालेले कितीतरी लोक पुढे वाढीव बिल घेऊन घाबरून माझ्याकडे आले होते.

होमओनर्स एक्झेम्प्शन, म्हणजे राहत्या घरावरची सूट, घेतलंय का बघा. मूल्यांकनातून ७,००० डॉलर वजा होतात, म्हणजे वर्षाला सत्तरेक डॉलर. रक्कम लहान आहे, पण तुम्ही त्या घरात राहता याची ती अधिकृत नोंद ठरते, आणि पुढे सासू-सासऱ्यांच्या घराच्या बाबतीत तिथली अशीच नोंद निर्णायक होणार आहे. मागच्या अंगणात खोली किंवा छोटं घर बांधायचा विचार असेल तर निर्धास्त बांधा, सबंध घराचं नव्याने मूल्यांकन होत नाही. आणि ज्यांनी नुकतंच घर घेतलंय त्यांच्यासाठी: खरेदीनंतर काही महिन्यांनी सप्लिमेंटल बिल येतं, जुन्या आणि नव्या मूल्यांकनातल्या फरकाचं. बँक हप्त्यातून टॅक्स भरत असली तरी ते सहसा थेट तुमच्या पत्त्यावर येतं. बँक भरेल म्हणून बाजूला ठेवलेल्या बिलावर दहा टक्के दंड लागतो.

इथवरचं सार सांगायचं तर तुमचा कर बरोबर आहे, तो फारसा कमी होणार नाही, आणि तुमच्या हातात राखण्यासारखी गोष्ट म्हणजे २०२२ चं मूल्यांकन. ते मोडतं कशाने? मालकी बदलल्याने. आपल्या लोकांत ते न कळत मोडतं.

माझ्याकडे दोन भाऊ आले होते. २००४ मध्ये अर्ध्या-अर्ध्या हिश्श्याने ६,४०,००० ला घर घेतलेलं. २०१९ मध्ये धाकटा टेक्ससला गेला आणि त्याने आपला हिस्सा थोरल्याला देऊन टाकला. पैशांची देवघेव नाही, दोन ओळींचं डीड, म्हणजे मालकीचा दस्त, लिहून नोंदवलं. भावाभावांत कसला आलाय व्यवहार, असं त्यांना वाटलं. पण भावंडांसाठी कायद्यात सवलत नाही. नवरा-बायकोत आहे, स्वतःच्या रद्द करता येणाऱ्या ट्रस्टमध्ये घर घातलं तर आहे, आईवडील आणि मुलांत अटींसह आहे. भावाभावांत नाही. अर्ध्या घराचं १४ लाखांच्या बाजारभावाने मूल्यांकन झालं आणि कर वर्षाला तीन हजारांहून जास्त वाढला, कायमचा. ते माझ्याकडे आले डीड नोंदवून झाल्यावर. आधी आले असते तर घाई न करण्याचा सल्ला तरी देता आला असता.

आता सनीवेलचं घर. १९८६ च्या प्रपोझिशन ५८ नुसार आईवडिलांचं राहतं घर मुलांकडे गेलं तर जुनं मूल्यांकन जसंच्या तसं मिळायचं, मग मुलं तिथे राहोत की भाड्याने देवोत. तुमच्या सासऱ्यांच्या डोक्यात बहुधा हाच नियम आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रपोझिशन १९ अगदी थोड्या फरकाने, ५१ टक्क्यांनी, मंजूर झालं आणि १६ फेब्रुवारी २०२१ पासून तो नियम गेला. आता मुलीला तिथे स्वतः राहायला जावं लागतं, वर्षभराच्या आत, आणि त्याच मुदतीत तिथलं होमओनर्स एक्झेम्प्शन घ्यावं लागतं. शिवाय सवलतीला मर्यादा आहे: जुनं मूल्यांकन अधिक एक ठरावीक रक्कम. मुळात ती दहा लाख होती, दर दोन वर्षांनी वाढते, आणि फेब्रुवारी २०२५ पासूनची रक्कम १०,४४,५८६ आहे.

आकड्यात बघा. घराचं आजचं मूल्यांकन साडेतीन लाख आणि बाजारभाव २२ लाख धरू. आज ते साधारण ४,२०० कर भरतात. मुलगी राहायला गेली तर मर्यादा होते १३,९४,५८६. बाजारभाव त्याच्या वर ८,०५,४१४ आहे, तेवढे जुन्या मूल्यांकनात मिळवायचे: ११,५५,४१४. कर सुमारे १३,९००. आणि मुलगी राहायला गेली नाही, तुम्ही फ्रीमाँटलाच राहिलात आणि ते घर भाड्याने दिलं, तर पूर्ण २२ लाखांवर, म्हणजे सुमारे २६,४००.

म्हणून आत्ता घर मुलीच्या नावावर करू नका, निदान घाईने तरी नको. प्रॉपर्टी टॅक्सइतकंच मोठं दुसरं कारण इन्कम टॅक्सचं आहे. हयातीत बक्षीस दिलं तर मुलीला आईवडिलांची १९८७ ची खरेदी किंमतच मिळते, आणि उद्या विकलं तर त्या किमतीपासूनच्या सगळ्या नफ्यावर कर. वारशाने मिळालं तर मृत्यूच्या दिवसाचा बाजारभाव ही तिची किंमत धरली जाते. एलएलसीत, म्हणजे खासगी कंपनीच्या नावावर, घालण्याचा सल्ला कोणी देत असेल तर त्यालाही आत्ता नाही म्हणा; एलएलसीतल्या हिश्श्याला आईवडील-मुलांची सवलत लागू होत नाही.

प्रपोझिशन १९ ने एक दारही उघडलं आहे, त्याचा विचार सासू-सासऱ्यांशी बसून करा. घरमालक ५५ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तर घर विकून दोन वर्षांत राज्यात कुठेही दुसरं घर घेताना जुनं मूल्यांकन बरोबर नेता येतं, जन्मात तीन वेळा. नवं घर तेवढ्याच किंवा कमी किमतीचं असेल तर मूल्यांकन तेच राहतं; महाग असेल तर वरचा फरक तेवढा मिळवतात. जिने चढणं जड जात असेल तर ते तुमच्या घराजवळ एकमजली घर घेऊन वर्षाला चार-साडेचार हजारांतच राहू शकतील. विक्रीच्या नफ्यावर इन्कम टॅक्स मात्र लागेल, आणि तो किती हे घरावर केलेल्या खर्चाच्या पावत्यांवर, तसंच दोघंही हयात आहेत की एकजण, यावर अवलंबून राहील.

डीड काढून बघा. नावं कोणाकोणाची आहेत, जॉइंट टेनन्सी (संयुक्त मालकी) लिहिलंय की कम्युनिटी प्रॉपर्टी (नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता), ट्रस्टचा उल्लेख आहे का. नवरा-बायकोपैकी एक गेल्यावर इन्कम टॅक्ससाठी अर्ध्या घराची किंमत नव्याने धरायची की सगळ्याची, हे बहुधा त्या एका शब्दावर ठरतं. नावं आणि पत्ता झाकून तो मजकूर आणि सासू-सासऱ्यांची वयं कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल. तोवर कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका.